बिडाच्या टबाला टाके

२ मार्च

चिमे,

तुझा निरोप शेजारच्या मास्तरीणबाईंकडून पोचला. त्यांनी तो दारात उभं राहून, धडा म्हणून घ्यावा तसा दोनदा म्हणून दाखवला. "महिनाअखेर येते. बाबांनी स्वतःच्या पायांनी टबात जायचं, अंघोळ करायची आणि स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं आणि माझ्याबरोबर निघायचं." मुकादमानं फाटकावर नोटीस लावावी तशी भाषा. आठ महिने बोलत नाहीस आणि बोललीस तर हे! असो. कबूल आहे. मी घाबरतो की काय?

आता काही गोष्टी साफ सांगून ठेवतो. एक म्हणजे मी पडलो नाही. मास्तरीणबाईंना राईचा पर्वत करायची सवय आहे. जन्मभर पोरांना निबंध शिकवल्यावर दुसरं काय होणार? टबातून बाहेर येताना मी न्हाणीच्या फरशीवर बसलो. जरा वेळ बसलो. माणसानं आपल्या घरात बसू नये का? त्या हाका मारत आत आल्या तेव्हा मी व्यवस्थित बसलेला होतो आणि टॉवेल गुंडाळलेला होता, हेही लिहून ठेवतो.

तू माझ्यासाठी रंगवून ठेवलेली पूर्वेच्या खिडकीची खोली चांगलीच असणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुझी आई गेल्यावर तू तिचे कपडे बांधायला घेतलेस आणि त्याच दमात माझेही, तेव्हा मी नाही म्हणालो. तू रुसलीस. मग मीही रुसलो. बाप-लेक एकाच साच्यातले, त्याला कोण काय करणार! खोली तुझी आहे, घर तुझं आहे. हे घर माझं आहे. इथे अंधारातसुद्धा माझा हात बरोबर बटणावर जातो.

फोन केला तर तू उचलणार नाहीस. पत्र निदान उचलावं लागतं, नाही तर दारात पायात येतं. म्हणून लिहितोय.

बाबा

६ मार्च

चिमे,

घरातले सगळे पाइप बदलायला काढले आहेत. जुने लोखंडी पाइप आतून इतके गंजलेत की नळाला पाणी येतं ते विचार करत करत येतं, आणि आलं की तांबडं. नळवाला मास्तरीणबाईंच्या ओळखीचा आहे. हाताला चोख, तोंडाला त्याहून चोख. पहिल्या दिवसापासून मला आजोबा म्हणतो. मी विचारलं, "मी तुझा आजोबा कधी झालो रे?" तर म्हणाला, "बरं आजोबा, नाही म्हणत."

न्हाणीत शिरला आणि टबाला त्यानं बुटाचं टोक लावलं. "हे धूड आधी बाहेर. अखंड तर दारातून निघणार नाही. घण घालतो, तुकडे पोत्यात भरतो, दुपारपर्यंत न्हाणी मोकळी. सगळीकडे असंच करतो मी."

"घण माझ्या डोक्यात घाल आधी," मी म्हणालो.

मग त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. तुलाही पुन्हा सांगतो, कारण लहानपणी तू ही गोष्ट अर्धी झाली की झोपायचीस.

आमच्या ओतकामाच्या कारखान्यात एक रीत होती. कुणाचं लग्न ठरलं की पाळीच्या शेवटी उरलेल्या बिडातून त्याच्या घरासाठी एक वस्तू ओतायची. त्याला आम्ही घरचा ओत म्हणायचो. कुणी तवा घ्यायचा, कुणी शेगडी, एकानं तर नुसती उंबऱ्याची पट्टी घेतली. मी तुझ्या आईला विचारलं, तुला काय हवं? ती भावंडांच्या गर्दीत वाढलेली, घरात एकच बादली. ती म्हणाली, "मला पाय लांब करून गरम पाण्यात पडायचंय." मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं. सगळी पाळी हसली. आणि त्याच दिवशी सुतारानं टबाचा लाकडी नमुना करायला घेतला. ओतायच्या दिवशी बीड उरलं नव्हतं गं. ते उरवलं गेलं. भट्टीवाल्यानं हिशेबात काय लिहिलं ते त्यालाच माहीत.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते थंड होताना आक्रसतं. म्हणून नमुना नेहमी थोडा मोठा करायचा असतो. तर सुतारानं तो वाढवला. मग वाळूत साचा बांधताना मी वाढवला, कारण सुतारावर माझा विश्वास नव्हता. आणि आम्ही चहाला गेलो तेव्हा मुकादमानं काठाशी आणखी दोन बोटं खरवडून घेतली, कारण त्याचा आम्हा दोघांवर नव्हता. तिघांनी मायेनं वाढवला आणि तिघांनी एकमेकांना सांगितलं नाही. टब निघाला तो असा निघाला! काठ तुझ्या आईच्या मांडीला लागला. ती पहिल्यांदा त्यात उतरली ती स्टुलावर चढून. आतून म्हणाली, "अहो, मी टब मागितला होता, होडी नाही."

ती होडी इतकी वर्षं टिकली. वरचा पांढरा मुलामा अजून शाबूत आहे. फक्त तो काठ आता माझ्या उजव्या गुडघ्याशी वैर धरून बसलाय.

नळवाला म्हणाला, "मग सपाट फरशी करू, स्टूल ठेवू."

"फरशी खणणार, उतार नव्यानं काढणार, वाळायला ठेवणार. माझी मुलगी महिनाअखेर येतेय. होईल?"

"नाही होणार."

"म्हणून टब आहे तिथेच राहील. बाहेरच्या बाजूच्या काठाला दार पाडायचं. वरून खाली कापत यायचं, उंबरा ओलांडावा तसं आत जाता येईल इतकं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बीड कापत नसतात आजोबा. काच आहे ती. तडकली म्हणजे?"

"नाही तडकणार. मी सांगतो तसं काप."

चिमे, इतक्या दिवसांनी कुणाला तरी 'मी सांगतो तसं' म्हटलं. छाती जरा पुढे आली, खोटं कशाला बोलू!

बाबा

११ मार्च

चिमे,

कापलं! टबाला खिंड पडली. हा शब्द नळवाल्याचा आहे. काम झाल्यावर अंगभर काळी भुकटी घेऊन बाहेर आला आणि मास्तरीणबाईंना म्हणाला, "बाई, खिंड लढवली!" लढवली त्यानं एकट्यानं, असा त्याचा आव होता. मी स्टुलावर बसून ओरडत होतो ते कुणी मोजत नाही.

आधी मी पेन्सिलीनं रेघ आखली. खालचे दोन्ही कोपरे वाटी ठेवून गोल काढले, कारण बिडाला टोकदार कोपरा चालत नाही, तडा तिथूनच निघतो. मग मुलाम्याचे टवके उडू नयेत म्हणून रेघेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. गोलाईत ड्रिलनं भोकं पाडून घेतली. धावत आलेला तडा भोकात पडला की तिथेच बसतो. आणि मग ग्राइंडर. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. थोडं कापायचं, थांबायचं, ओल्या फडक्यानं गार करायचं. नळवाल्याला थांबणं माहीतच नाही. मी 'थांब' म्हटलं की तो 'झालंच' म्हणायचा.

एक किरकोळ गोष्ट सोडली तर सगळं माझ्या मनासारखं झालं. कापलेला तुकडा उचलून बघितला. आतला पोत राखाडी, दाणा बारीक, कुठे एक बुडबुडा नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी आपलंच ओतलेलं बीड आतून बघायला मिळालं. असं कुणाला मिळतं सांग. मी तो तुकडा मास्तरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे हो." लोखंडाला छान म्हणायचं असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

तू ये बिनधास्त. रिकामी बॅग आणू नकोस, उगीच ओझं.

बाबा

१५ मार्च

चिमे,

मास्तरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कळवताय की मी कळवू?" म्हणून कळवतो.

ती किरकोळ गोष्ट तितकी किरकोळ नव्हती.

शेवटी करंगळीएवढं कापायचं राहिलं होतं. मी तोंड धुवायला स्वयंपाकघरात गेलो. नळवाल्याला वाटलं, एवढंसं तर आहे, आणि त्यानं तुकड्याला हातोडीनं एक टिचकी मारली. मला ओट्यापाशी आवाज आला. बीड लोखंडासारखं वाकत नाही, आधी सांगत नाही. एकदम जातं. तुकडा सुटला आणि त्याबरोबर एक तडा भोकाला चुकवून खाली पळाला, टबाच्या पोटापर्यंत, चांगला वीतभर. मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. एरवी हा टब घंटेसारखा वाजतो. बद्द वाजला.

नळवाला मान खाली घालून उभा. हळूच म्हणाला, "आजोबा, आता घण घालू का?" चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच वाटलं की आता तेवढंच उरलंय.

मी त्याला घरी पाठवलं. टबाच्या काठावर हात ठेवून बसलो आणि रडलो. तुझी आई गेली तेव्हा घरभर माणसं होती, प्रत्येक जण मला पाणी देत होता. रडायला जागाच नव्हती. ह्या वेळी होती. मनात म्हटलं, झालं, आता चिमीची खोली. पूर्वेची खिडकी. तिथल्या बटणावर हात जायला वर्ष जाईल, आणि वर्ष आहे कुणाकडे?

मग तोंड धुतलं आणि स्वतःलाच शिवी दिली. अरे, कारखान्यात यंत्रांच्या बैठकी तडकायच्या, गाडाभर वजनाच्या, त्या काय आम्ही फेकून द्यायचो? शिवायचो! जन्म बिडात गेला आणि आता वीतभर तड्याला घाबरतोस?

दुसऱ्या दिवशी नळवाल्याला बोलावून घेतलं. आधी तड्यावर रॉकेलचं फडकं फिरवलं, पुसून कोरडं केलं, वर खडूची भुकटी मारली. आत मुरलेलं रॉकेल खडूत उतरलं आणि तडा शेवटच्या टोकापर्यंत काळा उमटला. डोळ्यांना दिसत होता त्याच्यापुढे दोन बोटं गेला होता लबाड. त्या टोकाला भोक पाडून त्याची वाट बंद केली. मग तड्यावर एक भोक, त्यात आटे पाडायचे, स्क्रू घट्ट बसवायचा, डोकं कापून टाकायचं. पुढचं भोक असं घ्यायचं की ते आधीच्या स्क्रूला थोडं खाईल. म्हणजे प्रत्येक टाका मागच्याला धरून ठेवतो. असं करत तडा संपेपर्यंत जायचं. शेवटी सगळे टाके हातोडीनं हलके ठोकायचे आणि कानशीनं सपाट करायचे. आग नाही, जोडकाम नाही. बिडाला आग सोसत नाही.

सगळे टाके मी घातले.

बरं, निम्मे. ड्रिल मला धरवत नाही, हात थरथरतो. भोकं त्यानं पाडली. आटे मी पाडले, कारण आटे पाडायला जोर नको, कान हवा. अडकलं की कुरकुरतं, तेव्हा मागे फिरवायचं. पहिले दोन वाकडे गेले. नंतर मात्र हात बसला. तिसऱ्या दिवशी तर थरथरसुद्धा नव्हती. कामात असला की हात म्हातारा होत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी कशाला नुसता पेपर वाचत बसलो असतो!

शेवटचा टाका घातल्यावर मी पेरानं वाजवलं. नळवाला श्वास धरून बसला होता. टण्ण! अगदी पहिल्यासारखा नाही म्हणणार, जरासा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. पण बद्द नाही. नळवाला उठला आणि म्हणाला, "वस्ताद, पुढचा तडकलेला टब मिळाला तर मी फोडणार नाही, तुमच्याकडे आणेन." आजोबा गेला, वस्ताद आला. मी ऐकून घेतलं नीट.

बाबा

२२ मार्च

चिमे,

आतून टाक्यांवर मुलाम्याचा रंग दिला, खिंडीच्या कडेला रबराची पट्टी बसवली. पाइप नवे, नळ नवे, पाणी स्वच्छ आणि जोरात. काल पहिली अंघोळ करायची होती.

मी नेहमीच्या सवयीनं नळ सोडून स्वयंपाकघरात गेलो. टबात जादा पाणी जायला वर भोक असतं, ते आपोआप सांभाळतं, ही माझी जन्माची समजूत. आता खिंड त्या भोकाच्या खाली आहे हे तीन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी, नळवाला आणि रोज येऊन देखरेख करणाऱ्या मास्तरीणबाई. पाणी खिंडीतून बाहेर, न्हाणीतून पडवीत आणि पडवीतून थेट मास्तरीणबाईंच्या दारात. त्यांच्या चपला दारातून गल्लीत तरंगत निघाल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, होडी म्हणत होता ती हीच का?"

आज नळवाल्यानं खिंडीच्या खाली नवं भोक पाडलं, जुनं बुजवलं. ह्या वेळी हातोडी मी माझ्या मांडीखाली ठेवली होती.

पाणी आता बसल्यावर कमरेपर्यंतच येईल. पुरे आहे. मी काही पोहायला जात नाही.

तू कळवलं नाहीस तरी गाडीची वेळ मला माहीत आहे. ये. मी तयार आहे.

बाबा

२ एप्रिल

चिमे,

तू गेल्यापासून लिहायचं म्हणतोय. रोज कागद घेतो आणि ठेवून देतो.

तू आलीस, चहासुद्धा न घेता आधी न्हाणीत गेलीस. खाली बसलीस आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहिलीस. मी दारात उभा. वाटलं, काहीतरी बोलशील. तू म्हणालीस, "टाके दिसतात." मी म्हणालो, "दिसायलाच हवेत." एवढंच आपलं आठ महिन्यांनंतरचं बोलणं. त्या वेळी राग आला होता, आता हसू येतं.

मग तुझी अट. दार लोटलेलं, कडी नाही, तू बाहेर पडवीत. मी आत गेलो. खिंडीतून, उंबरा ओलांडून आपल्या घरात शिरावं तसा. नळ सोडला, साबण लावला, तुला कळावं म्हणून मध्येमध्ये खाकरलोही. अंघोळ झाली. अंग पुसून, कपडे करून, भांग पाडून बाहेर आलो. तू माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "ठीक आहे." दुसऱ्या दिवशी तू निघालीस. मी नको म्हटलेली बॅग आणली होतीस ती रिकामीच परत नेलीस. मास्तरीणबाईंनी गल्लीभर सांगितलं की भाऊ जिंकले. नळवाला येऊन हात मिळवून गेला.

पण तू 'ठीक आहे' म्हणालीस ते अर्ध्याच गोष्टीवर. उरलेली आता सांगतो, कारण फसवून जिंकलेली पैज मला पचत नाही. मी सगळं आयुष्य माल ठोकून, वाजवून, मग दिला आहे. बद्द वाजणारा माल कधी कुणाच्या गळ्यात बांधला नाही. तुझ्या तर नाहीच बांधणार.

आत जाणं जमलं. उठणं नाही जमलं. त्या पुरानंतर मी टबात बसून बघितलंच नव्हतं, बादलीवरच भागवत होतो. पाणी सोडून दिलं, काठाला हात घातला आणि उठायला गेलो, तर गुडघा नाही म्हणाला. परत बसलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. खिंड पडली, टाके पडले, सगळं झालं, आणि शेवटी बुडावरून उठून वर कसं यायचं याचा विचारच राहून गेला होता. टबाला दार केलं, धरायला काही केलं नाही. अंग गार पडायला लागलं. मी ठरवलं की आता हाक मारायची. हरलो तर हरलो. 'चिमे' म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच सांगतो.

तेवढ्यात तू बाहेर जावईबापूंना फोन लावलास. तुला वाटलं, आत पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही. पाणी तर केव्हाच संपलं होतं. तू म्हणालीस, "नाही हो, ते काही यायचे नाहीत. आणि मी नेणारही नाही. अहो, बीड शिवलंय त्यांनी! ह्या वयात! टाक्याला टाका लावून. मी बोट फिरवून बघितलं, नख अडकत नाही कुठे. चेष्टा आहे का? माझे बाबा आहेत ते."

चिमे, मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर भाषण केलं होतं आणि त्यात माझं खातं चुकीचं सांगितलं होतं. त्यानंतर माझ्या कामाबद्दल घरचं कुणी बोललं ते हेच. आणि ते तू बोललीस, मला न सांगता, दुसऱ्याला. मला तोंडावर सांगायला तुझं काय जात होतं, हे मी विचारणार नाही. एकाच साच्यातले आपण.

मी कसा उठलो ते मला नीट माहीत नाही. आधी पालथा झालो, गुडघ्यांवर आलो, खिंडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि उभा राहिलो. तू फोन ठेवायच्या आत टॉवेल घेतला होता.

तर हे असं आहे. तू बोलली नसतीस तर मी हाक मारली असती, आणि आज हे पत्र तुझ्या पूर्वेच्या खिडकीत बसून लिहीत असतो. नाही, लिहिलंच नसतं, कुणाला लिहिणार?

काल नळवाल्यानं भिंतीत आडवा दांडा बसवून दिला. मी त्याला लोंबकळून बघितलं. आज सकाळी अंघोळ केली आणि पहिल्या झटक्यात उठलो. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पैज नव्यानं लाव. तू म्हणशील त्या दिवशी, तू म्हणशील तशी. हरलो तर सामान मी स्वतः बांधीन, तोंड वाकडं न करता.

फक्त ह्या खेपेला माझी एक अट. तू दाराबाहेर उभी राहा, जवळच उभी राहा. आणि कुणाला तरी फोन लाव. मोठ्यानं बोल.

तुझा
बाबा